चढाईच्या तोफेची बारा चित्रं

"सर, तुमचं ते रणगाड्याचं पुस्तक कुठवर आलं?" असं मला गेल्या सहा वर्षांत किती जणांनी विचारलं याची गणती नाही. शेजाऱ्यांनी विचारलं, शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांनी विचारलं, नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या तलावाशी सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींनी तर रोज विचारलं. आणि प्रत्येक वेळी मी उभा राहून समजावलं, की तो रणगाडा नाही. रणगाड्याच्या डोक्यावर गोल फिरणारा बुरूज असतो. गाडी जागेवर उभी राहते आणि तोफ चारी दिशांना फिरते. माझ्या गाडीला बुरूजच नाही. तोफ तिच्या अंगातच बसवलेली, ती डावी-उजवीकडे थोडीशी हलते, बास. जास्त वळवायची तर अख्खी गाडी वळवावी लागते. हे सगळं ऐकून समोरचा मान डोलवायचा आणि म्हणायचा, "म्हणजे रणगाडाच की."

जर्मन लोक तिला थोडक्यात स्टुग म्हणत. पूर्ण नावाचा अर्थ चढाईची तोफ. पहिल्या महायुद्धात पायदळाचे शिपाई पुढे जात आणि त्यांना आधार द्यायच्या तोफा मागे चिखलात रुतून बसत. शिपाई उघड्यावर मरत. म्हणून पुढे तोफखान्याच्या लोकांनी मागणी केली, की पायी चालणाऱ्या माणसाच्या सोबतीनं, त्याच्याच चालीनं जाईल अशी चिलखतातली तोफ द्या. मग एका मध्यम रणगाड्याचा बुरूज काढून टाकला, खालची पट्ट्यांवर चालणारी गाडी तशीच ठेवली आणि तिच्यात आखूड नळीची तोफ बसवली. उंची जेमतेम माणसाहून थोडी जास्त. आत चार जण, आणि तेही तोफखान्याचेच. पुढे दुसऱ्या महायुद्धात, पूर्वेकडच्या लढाईत शत्रूचे जाड चिलखताचे रणगाडे समोर आले, तेव्हा आखूड तोफ काढून लांब नळीची बसवली. झालं. चालणाऱ्या माणसांच्या मदतीसाठी जन्मलेली ही गाडी उरलेलं युद्ध झाडाझुडपांत दबा धरून रणगाडे फोडत बसली. पुढे युद्ध संपल्यावर काही गाड्या विकल्या गेल्या आणि पश्चिम आशियातल्या एका डोंगरावर जाऊन गंजल्या.

एखादी वस्तू एका कामासाठी घडवली जाते आणि तिचं आयुष्य दुसऱ्याच कामात जातं, ही गोष्ट मला फार लागली. तीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला, तह आणि सनावळ्या घोकून घेतल्या, पण असलं काही शिकवायची संधी कधी मिळाली नाही. म्हणून निवृत्त झाल्यावर लिहायला बसलो. असल्या राजवटीच्या गाडीचं कौतुक कशाला, असंही लोकांनी विचारलं. कौतुक नव्हतंच. तिथल्या कारखान्यांत परमुलखातून धरून आणलेल्या माणसांना जुंपलं होतं, त्यावर मी एक अख्खं प्रकरण लिहिलं. ते जरा आवरतं घ्या, असं पुण्याच्या प्रकाशनातून सुचवण्यात आलं, तेव्हा मी पुस्तकच परत मागितलं होतं. मुखपृष्ठ आलं तर त्यावर बुरूजवाला रणगाडा. त्यावर आठवडाभर भांडलो. तेव्हा माझी समजूत अशी होती, की या पुस्तकात मूर्खपणा करायचा तेवढा पुण्याचेच लोक करणार.

आता भाऊविषयी. भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्याहून सात वर्षांनी मोठा. आमचं घर कोष्ट्याचं. बाप मागावर लुगडी विणायचा, आणि भाऊलाही त्यानं कळायला लागल्याबरोबर मागावर बसवलं. तो बसला म्हणून मी शाळेत गेलो, हे आमच्या घरात कोणी बोलून दाखवत नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. पुढे हातमागाचं काम आटलं. भाऊचा हात रेषेवर पक्का बसलेला होता, म्हणून एका सरकारी कचेरीत ट्रेसर म्हणून लागला. साहेब लोक पेन्सिलीनं नकाशे काढायचे आणि भाऊ त्यांवर ट्रेसिंग पेपर पसरून ते शाईनं उतरवायचा. नकाशावर सही साहेबाची असायची. भाऊचं त्यात काय असायचं, तर अक्षर. कचेरीत त्याच्या अक्षराचं नाव होतं. सरळ, सुटसुटीत, पट्टी न लावता ओढलेली शिरोरेघ. दुसऱ्या विभागाचे लोकसुद्धा नकाशावरची नावं लिहून घ्यायला त्याच्या टेबलापाशी येत.

परदेशी पुस्तकांतली चित्रं हक्कांच्या भानगडीमुळे छापता येणार नाहीत, असं प्रकाशनानं कळवलं, तेव्हा मी भाऊकडे गेलो. मापं आणि वर्णन मी लिहून देणार, त्यावरून तो नवी चित्रं काढणार. त्यानं लकडगंजातून सागाची एक फळी घासून आणली, बाजेवर ठेवली आणि गेला अख्खा हिवाळा गच्चीवर उन्हात बसून बारा चित्रं काढली. आधी ग्राफ पेपरवर, मग ट्रेसिंग पेपरवर शाईनं. प्रत्येक भागाचं नाव त्याच्याच हातचं. मी रोज दुपारी जायचो. तो विचारायचा, मी सांगायचो.

"चार माणसं यात बसत कशी होती गा?" तो म्हणाला.

"चालक पुढे डावीकडे. त्याच्या मागे नेम धरणारा, त्याच्या मागे प्रमुख. गोळे भरणारा एकटाच उजवीकडे."

"आन् नेम धरणाऱ्याले बाहेरचं काय दिसे?"

"दुर्बिणीच्या भोकातून दिसे तेवढंच."

भाऊ हसला. "म्हंजे माह्यासारखंच हाय त्याचं."

भाऊला काचबिंदू आहे. डावा डोळा गेलाच आहे, आणि उजव्याचं दिसणं कडेकडून मिटत चाललं आहे. मध्ये तेवढं एक वर्तुळ उरलं आहे. त्या वर्तुळात धरून तो रेघ ओढायचा, मग मान हलवून पुढची रेघ शोधायचा. औषध घातलं तरी हे वर्तुळ लहान होत जाणार, दिवाळीपर्यंत काय राहील ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. भाऊनं त्यावर एकच गोष्ट मागितली, आणि तीही माझ्याजवळ नाही, वहिनीजवळ. "पुस्तक छापलेलं या डोळ्यानं पाहाले भेटलं पाहिजे वं, मंग जाऊ दे." वहिनीनं ते मला जिन्यात गाठून सांगितलं. तेव्हापासून मी प्रकाशनाच्या मागे हात धुऊन लागलो होतो.

मे महिन्यात, बाहेर पाऊल टाकवत नव्हतं अशा दुपारी, प्रकाशनातल्या संपादिकाबाईंचा फोन आला. गोड आवाजात त्यांनी विचारलं, "सर, मजकुरात चालक डावीकडे आहे म्हणता, आणि चित्रात तो उजवीकडे बसलाय. नेमकं बरोबर काय?"

मी म्हटलं, तुमचं पाहण्यात काहीतरी चुकतंय. त्यांनी तिथल्या तिथे चित्र मोबाईलवर पाठवलं. चालक उजवीकडे होता. त्याच्या मागे नेम धरणारा आणि प्रमुख, दोघंही उजवीकडे. गोळे भरणारा बिचारा डावीकडे. या गाडीची तोफ मधोमध नसते, जराशी उजव्या अंगाला सरकलेली असते, ती इथे डाव्या अंगाला. मी माझ्याकडची बाराही मूळ चित्रं काढून पाहिली. सगळी तशीच. एका चित्रात चूक असती तर चूक म्हटली असती, ही बाराच्या बारा आरशात पाहिल्यासारखी उलटी होती, आणि अगदी तंतोतंत उलटी.

"काळजी करू नका," बाई म्हणाल्या. "आम्ही इथे चित्र कॉम्प्युटरवर उलटवून घेतो. फक्त नावं उलटी होतील, तर ती पुसून टाइप करून टाकू. चालेल ना?"

"करा," मी म्हणालो. तळपायाची आग मस्तकात गेली होती, त्या भरात म्हणालो. पंधरा दिवसांत फाइल छपाईला गेली नाही तर पुस्तक दिवाळीनंतरच, हेही त्यांनी त्याच फोनवर सांगितलं.

तसाच भर उन्हात भाऊकडे गेलो. आत शिरल्या शिरल्या चित्रांची गुंडाळी त्याच्यासमोर टाकली आणि म्हणालो, "भाऊ, हे काय करून ठेवलं? सगळं उलटं हाय!"

त्यानं एक चित्र उचललं, वर्तुळात धरून इकडून तिकडे फिरवलं. "उलटं कुठं हाय? बरोबर तं हाय."

"चालक उजवीकडे हाय."

"हो. पाठीकडून हाय ना ते. सुलट बाजू खाली." असं म्हणून त्यानं ट्रेसिंग पेपर पालथा केला आणि उजेडाकडे धरला. चालक डावीकडे आला.

मी तो कागद हातात घेतला आणि मला बापाचा माग आठवला. आमच्याकडे किनारीची नक्षी विणताना कापडाची सुलट बाजू खाली असायची. विणणाऱ्याला दिसायची ती कापडाची पाठ. म्हणून बाप ग्राफवर नक्षी मांडायचा ती पाठीचीच मांडायचा. कागदावरचं डावं ते लुगड्यावरचं उजवं. भाऊच्या हातात ग्राफ पेपर दिला की त्याचा हात तसाच चालणार, हे मला कळायला हवं होतं. कचेरीत तो दुसऱ्याच्या रेषेवर रेष ओढायचा, तिथे प्रश्नच नव्हता. कोऱ्या ग्राफवर स्वतः मांडायची वेळ इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच आली होती.

पण मी त्याला काय बोलणार? अख्खा हिवाळा मी त्याच्याशेजारी बसून होतो. चालक डावीकडे, असं तोंडानं सांगत होतो आणि उजवीकडे बसवलेला चालक डोळ्यांनी पाहून "फक्कड जमलं" म्हणत होतो. लहानपणी मागाशेजारी बसून बापाला ग्राफमधली घरं वाचून दाखवायचं काम माझं होतं. म्हणजे उलटं पाहून सुलट समजायची सवय मलाही होतीच. मी जर्मन शिकलो, सहा वर्षं संदर्भ तपासले, पुण्याच्या लोकांच्या चुका काढल्या, आणि माझ्याच पुस्तकातली ही चूक माझ्या दोन्ही धडधाकट डोळ्यांना दिसली नाही. मला इतका राग आला की वहिनीनं आणलेला पाण्याचा पेला मी तसाच परत दिला.

"ते लोक पुण्यात उलटवून घेतीन," मी म्हणालो. "नावं टाइप करतीन."

भाऊनं हातातलं चित्र खाली ठेवलं. "टाइप काहून?" त्यानं विचारलं.

"चित्र उलटवलं का अक्षरं उलटी होते ना."

"मंग माहं काय राहिलं त्याच्यात?"

"असं काहून म्हणतं? चित्रं तुहीच हाये. एकेक रेघ तुही हाय."

"रेघ त्या गाडीची हाय गा," भाऊ म्हणाला. "तू मापं देल्ली, मी ओढली. अक्षर माहं होतं."

मग त्यानंच मार्ग काढला. कागद पालथा केला की चित्र सुलटं होतं. मग जुनी नावं ब्लेडनं खरवडून काढायची आणि पालथ्या बाजूवर नव्यानं लिहायची. कचेरीत चुकलेली शाई ते लोक अशीच काढत. बारा चित्रांत मिळून दीडेकशे नावं होती. पंधरा दिवसांत करतो म्हणाला. मी हो म्हणालो. पुण्याला मात्र यातलं काही कळवलं नाही. कोष्ट्याच्या घरातलं मागाचं शास्त्र त्या बाईंना फोनवर काय समजावत बसायचं, आणि त्यात माझी स्वतःची फजिती कोणत्या तोंडानं सांगायची? झालेली चित्रं गुपचूप पाठवून देऊ, असं ठरवलं.

ते पंधरा दिवस मी विसरणार नाही. कूलर लावला की हवेतल्या ओलीनं ट्रेसिंग पेपरला सुरकुत्या पडत, म्हणून कूलर बंद. पंख्यानं कागद उडे, म्हणून पंखाही बंद. नागपूरच्या मे महिन्यात दार-खिडक्यांना ओले पडदे लावून सगळं गाव आत पडलेलं, आणि आम्ही दोघं म्हातारे उघड्या अंगानं बाजेशी बसलेलो. घामाचा थेंब कागदावर पडू नये म्हणून मी टॉवेलनं त्याचं कपाळ टिपत होतो. पहिल्या चित्राला चार दिवस लागले. ब्लेड जरा जास्त लागलं की कागदाला भोक. अक्षर लिहिताना मान हलली की त्याच्या वर्तुळातून आधीचं अक्षर निसटे, मग पुढचं अक्षर वर चढे किंवा खाली उतरे. ते पुन्हा खरवडायचं. "नेम धरणाऱ्याची दुर्बीण" एवढे तीन शब्द लिहायला एक दुपार गेली.

सहाव्या दिवशी माझा तोल सुटला. "भाऊ, जाऊ दे ना! कोण पाहून राहिलं अक्षर? वाचणारा रणगाडा म्हणून वाचते आन् ठेवून देते!"

तो खरवडतच राहिला. दारातून वहिनी म्हणाली, "भाऊजी, तुमी घरी जा. उद्या या. त्याईले लिहू द्या."

चौदाव्या दिवशी तीन चित्रं पूर्ण होती. चौथ्याला मधोमध भोक पडलं होतं. भाऊनं ब्लेड कागदात गुंडाळून बाजूला ठेवलं आणि हात टेकल्यासारखा भिंतीला पाठ लावून बसला. मी म्हणालो, थांबू. दिवाळीनंतर छापू. सगळी होऊ दे.

"दिवाळीनंतर मी काय पाहू?" भाऊ म्हणाला. "छाप. टाइप तं टाइप. मले पाहाचं हाय."

तीनच चित्रं त्याच्या अक्षरात आणि नऊ टाइपाची असं बरं दिसणार नाही, हेही त्यानंच सांगितलं. मी बाईंना फोन करून म्हणालो, ठरलं तसंच करा. त्या म्हणाल्या, छान.

जुलैत पुस्तकाच्या प्रती आल्या. मुखपृष्ठावर बुरूज नव्हता. चालक डावीकडे, भरणारा उजवीकडे, तोफ जिथे हवी तिथे. बाईंना पोच कळवायला फोन केला, आणि आता काम झालेलंच आहे म्हणून सगळी हकीकत सांगून टाकली. माग, पालथा ग्राफ, ब्लेड, तीन चित्रं, सगळं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो सर, आधी सांगायचं नाही का? त्यांनी हातानं लिहिलेलं एकेक नाव कॉम्प्युटरवर कापून पुन्हा सुलटं करून बसवता आलं असतं. आमच्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्या मुलीचं दोन दिवसांचं काम होतं. मला वाटलं, टाइप केलेलंच हवंय तुम्हाला."

मी फोन ठेवला. हातात पुस्तक होतं, ते भिंतीवर मारावं असं वाटलं. त्याचं अक्षर ठेवता येईल का, एवढा एक प्रश्न विचारायचा होता. सहा वर्षांत मी त्या प्रकाशनाला शंभर प्रश्न विचारले असतील, शिव्या सोडून सगळं ऐकवलं असेल. हा एक तेवढा लाजेपायी विचारला नाही.

भाऊला हे सांगायचं, असं ठरवूनच त्याच्याकडे गेलो. तो दाराशी उजेडात बसला होता. मी त्याची प्रत त्याच्या हातात दिली. त्यानं आतलं चित्र काढायला सांगितलं आणि पान डोळ्याजवळ नेलं. वर्तुळ आता फारच लहान झालं असावं, कारण एका पानावर तो खूप वेळ फिरत होता. चालकापाशी थांबला, मग मागे, मग पलीकडे. ते पाहून बाईंचं बोलणं सांगायचं मी पुढे ढकललं.

"बरोबर हाय," शेवटी तो म्हणाला. पुढचं चित्र पाहिलं, त्याच्या पुढचं पाहिलं. "सगळं बरोबर झालं. पण आता कोणाचंबी वाटते गा."

त्यानं पुस्तक मिटलं, त्यावरून एकदा हात फिरवला आणि माझ्यापुढे धरलं.

"भाऊ, हे तुह्यासाठी आणलं," मी म्हणालो.

"पाहिलं ना मी. तुहं हाय, ठेव तुह्याजवळ."

आणि मी ते मुकाट्यानं पिशवीत घालून घरी घेऊन आलो.